जानेवारीतले चार कागद

सकाळी आठ वाजले की मनस्वी चिमटा घेऊन गच्चीवर जायची. करावे गावातल्या त्यांच्या चौमजली घराच्या गच्चीवर हवा ओढणारं यंत्र होतं. त्यातला काळवंडलेला गोल कागद काढायचा, नवा बसवायचा, वहीत तारीख लिहायची. खाडीकाठच्या हवेत कसली विषं आहेत, यावर ती पीएच.डी. करत होती. तिचा बाप शिवा, जन्मभर खाडीत जाळं टाकून आता दम्याने घरी बसलेला. येईल त्याला सांगायचा, "आमची पोर हवा मोजते."

हे कौतुक महिन्यातले सव्वीस दिवस. उरलेले चार दिवस गच्चीची चावी आईच्या, विमलबाईंच्या कमरेला, कारण गच्चीतच देवीची घुमटी. "देवी हाय वर. चार दिस पायरी चढाची नाय." विषय संपला. एकदा भाऊ कुंदनने कागद बदलला, तोही उघड्या बोटांनी. घाम लागून कागदावरच्या धुळीचं वजन चुकलं, कागद फुकट गेला. पुन्हा तो फिरकला नाही. मग त्या दिवसांत यंत्र बंद राहायचं आणि मनस्वी वहीत लिहायची, 'वीज नव्हती'. एवढी शिकलेली मुलगी, पण खरं लिहायची तिला लाज वाटली. आपण तरी काय वेगळं करतो?

जानेवारीत नेमक्या त्याच दिवसांत खाडीपलीकडच्या कारखान्याकडून उग्र वास आला. गावभर डोळे चुरचुरले. तिसऱ्या सकाळी शिवा श्वासासाठी तडफडत गेला.

गावाने तक्रार केली. चौकशी अधिकारी घरी आला. "त्या दिवसांची नोंद दाखवा. पुरावा असला तर कारखान्याला जाब विचारता येईल."

चार रकान्यांत आकडे नव्हते, नुसतं 'वीज नव्हती'. त्याने मागची पानं चाळली. "ताई, तुमच्याकडे दर महिन्याला चारच दिवस वीज जाते का?"

मनस्वीने बापाच्या फोटोकडे पाहिलं. 'वीज नव्हती' खोडून तिने लिहिलं, 'मासिक पाळी. घरच्यांनी गच्चीवर जाऊ दिलं नाही.' लिहिलेलं तिने मोठ्याने वाचलं, आईला ऐकू जाईल असं. अधिकाऱ्याने मान खाली घातली. पुराव्याअभावी काही करता येणार नाही, असं पुटपुटत तो गेला.

विमलबाई चहाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या होत्या. "मना वाटलं, कागूदच हाय. एक दिस नाय बदलला तं काय व्हतंय."

"मी तरी कुठे भांडले, आये," मनस्वी म्हणाली. दोघी खूप रडल्या.

पुढच्या महिन्यात पाळीच्या पहिल्याच दिवशी मनस्वी चिमटा घेऊन आईसमोर उभी राहिली. "आये, आज पयला दिस हाय. मी वर चाललेय. चावी दे, नायतर कुलूप तोडीन."

विमलबाईंनी कमरेची चावी काढली. त्या दिवसांत त्या लेकीला काहीही दुरूनच टाकून देत. आज त्यांनी चावी तिच्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला.

आठ वाजता मनस्वीने नवा कागद बसवला. आता एकही दिवस रिकामा जाणार नाही. जानेवारीतले ते चार मात्र कोरेच राहतील. आणि तुमच्या घरातली चावी कुणाच्या कमरेला आहे?