उधाणावरचं बालंट

नवऱ्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं तेव्हा गाडी नुकती फलाटावरून सुटत होती. तिनं फक्त त्याच्या मांडीवरचा बार दोन्ही हातांनी खाली दाबला होता, कारण तो सैल राहिला होता. बार कटकन बसला, तो कळवळला आणि त्यानं तिच्याकडे न बघताच कोपर मारलं. तिचा ओठ फुटला.

"मुद्दाम दाबलास ना?"

"सैल होता. तिसऱ्या उंचवट्यावर माणूस उडतो."

"घरी चल. मग सांगतो कोण उडतं ते."

साखळीनं गाडी पकडली आणि चढण सुरू झाली. जुना लाकडी रोलर कोस्टर होता हा, नाव उधाण. लग्नाआधी ती जमेल तेव्हा इथं यायची, आणि या विषयावर तिची मतं होती, तीही ठाम. पुढचा डबा फोटोत चांगलं दिसणाऱ्यांचा. खऱ्या शौकिनानं शेवटच्या डब्यात बसावं, कारण पुढचे डबे उताराला लागले की मागच्याला मानगूट धरून खेचतात. पाण्याच्या राइडला ती हिंग लावूनही विचारत नसे. अंगावर बादली ओतून घ्यायची तर घरी न्हाणीघर आहे. आकाशपाळणा म्हणजे नुकतंच लग्न ठरलेल्यांची सोय. नवे पोलादी कोस्टर तिला गुळमुळीत वाटायचे, डोकं खाली पाय वर करतात पण हाडापर्यंत काही पोचत नाही. उधाण मात्र आदळतं, आपटतं, दातांवर दात वाजवतं आणि अंगावर ओरखडा उठू देत नाही. शिवाय आधी सांगतं. चढणीवर साखळीखालचे खटके वाजत राहतात, खट खट खट, आणि माथ्यावर ते थांबले की समजायचं, आता पडायचं. घरी असलं काही वाजत नाही.

आणि याच उधाणावर तिनं बालंट आणलं होतं. दंड काळानिळा झाला, बार लागला. बरगडी मोडली, बार लागला. डॉक्टरांना हेच सांगितलं, शेजारणीला हेच, सख्ख्या ताईलासुद्धा. युक्ती नवऱ्याची. "तुझं ते वेड सगळ्यांना ठाऊक आहेच," असं तो म्हणाला होता, आणि ते इतकं चपखल बसलं की कुणाला शंकाही आली नाही. ताई फोनवर खडसवायची, "सोड गं ते खेळणं, जिवावर बेतेल एक दिवस." खरं तर लग्नानंतर त्यानं तिला इथं फिरकूही दिलं नव्हतं. उधाण बिचारं गावाबाहेर उभं होतं आणि तिथूनच तिच्या बरगड्या मोडत होतं.

परवा कपाटात त्याला तिचा उधाणाचा नवा पास सापडला. न राहवून काढलेला, न वापरलेला. त्यानं आधी पास फाडला, मग तिचे केस धरले. "कोण भेटतो तुला तिथं? चल, बघू दे मला." म्हणून आज ही वारी.

खटके थांबले. शेवटचा डबा हिसक्यानं माथ्यावरून खेचला गेला आणि नवरा किंचाळला, "आई गं!" मग प्रत्येक वळणाला किंचाळत राहिला. तिसऱ्या उंचवट्यावर तो उडाला नाही, कारण बार तिनं दाबलेला होता. तिनं दोन्ही हात वर केले. हाडं खिळखिळी होत होती, मान झटके खात होती, तोंडातलं रक्त वाऱ्यानं गालावर पसरत होतं. हा मार तिनं मागून घेतला होता, आणि कितीतरी दिवसांनी ती मोठ्यानं हसली.

फलाटावर पुढच्या डब्यातली दोन पोरं त्याची नक्कल करत उतरली. "आई गं! आई गं!"

त्यानं ती ऐकली. तिला दंडाला धरून खांबाआड ओढलं आणि ताकदीनिशी थोबाडीत मारली. तिचं डोकं कठड्यावर आपटलं.

"अहो साहेब!" म्हातारा ऑपरेटर बटणांच्या मेजामागून ओरडला.

"बायको आहे माझी," नवरा म्हणाला. छत्री आहे माझी म्हणावं, तसं.

ऑपरेटर जवळ आला. ती फ्रॉक घालायची तेव्हापासून तो तिला ओळखत होता.

"पोरी, ओठाला काय झालं?"

"बार लागला, काका." सवयीनं तोंडून निघून गेलं.

"बार मांडीवर असतो," तो हळू म्हणाला. "तोंडापर्यंत येत नाही."

तिची मान खाली गेली.

"मी परत बसणार," नवरा म्हणाला. "एकटा. हात वर करून. तू इथं उभी राहून बघायचं. मग घरी तुझं हसणं काढतो."

"खिसे रिकामे करा," ऑपरेटर म्हणाला. तो इथला नियमच होता. नवऱ्यानं सगळं तिच्या ओंजळीत ओतलं. किल्ल्या, पाकीट, स्वतःचा फोन, आणि तिचा फोन, जो कायम त्याच्याच खिशात असे.

शेवटच्या डब्यात बसून त्यानं पोट फुगवलं. ही शौकिनांची खोड. पोट फुगवून बार लावायचा, मग श्वास सोडायचा, म्हणजे जागा मोकळी राहते आणि उडायला मजा येते. लग्न ठरलं तेव्हा तिनंच हसत हसत त्याला शिकवली होती. ऑपरेटरनं बार ओढून पाहिला. पक्का वाटला.

ती गप्प उभी राहिली असती तरी चाललं असतं. पुढचं तिसऱ्या उंचवट्यानं बघून घेतलं असतं. तिला ते हवं होतं; हवं होतं हे तिनं स्वतःशी कबूलही केलं. पण मग त्याचं खापरही उधाणाच्याच डोक्यावर फुटलं असतं.

तिनं वाकून बार दाबला. त्याचा श्वास सुटेपर्यंत. कट. कट.

"ए! दुखतंय!"

"दुखेल," ती म्हणाली. "पण वळ उठणार नाही."

मग तिनं ऑपरेटरकडे पाहिलं. ऑपरेटरनं तिच्या ओठाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि तो मेजाकडे गेला.

गाडी सुटली. ती वळली आणि चालू लागली, पळाली नाही. फाटकाजवळच्या चौकीत तिनं किल्ल्या, पाकीट आणि त्याचा फोन ठेवला. स्वतःचा तेवढा हातात राहिला. मागे खटके वाजत होते, खट खट खट. त्या चढणीचा प्रत्येक आवाज तिला पाठ होता.

मध्येच खटके थांबले. माथा अजून बराच लांब होता.

भोंग्यातून म्हाताऱ्याचा आवाज आला. "किरकोळ तपासणी चालू आहे. थोडा वेळ लागेल. बसलेल्यांनी बसून राहावं, चढणीवर बार उघडत नाहीत."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. समोर टॅक्सी उभी होती. आत बसून तिनं फोन लावला.

"काय गं," पलीकडून ताई धास्तावून म्हणाली, "परत काही लागलं का?"

"ताई, मी तुझ्याकडे येतेय. राहायला." तिनं टॅक्सीवाल्याला निघायची खूण केली. "आणि ती बरगडी... त्यात उधाणाचा काही दोष नव्हता."