वरून चेहरे दिसले तेव्हा

डोळे मिटा पाहू. आता समजा, तुम्ही आठ वर्षांचे आहात, पाय अनवाणी आहेत, डोक्यावर मऊ हेल्मेट आहे आणि पायाखाली माणसं आहेत. एकाच्या खांद्यावर दुसरा, त्याच्या खांद्यावर तिसरा, असे थरावर थर. त्यांच्या कमरेला गुंडाळलेल्या काळ्या पट्ट्यात पायाचा अंगठा रोवत तुम्ही चढता. सगळ्यात वर पोचायचं, एक हात उंच करायचा आणि पलीकडच्या बाजूने उतरायचं.

वर गेल्यावर खाली बघायचं नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर सांगणारा कधी चढलेला नाही. खाली जरूर बघायचं. दिसली पाहिजेत ती फक्त डोकी. काळी, पांढरी, टकली, घामेजलेली. पायथ्याला दीडदोनशे माणसं एकमेकांच्या पाठीला छाती भिडवून उभी असतात, हात वर रेटून, हनुवटी छातीला लावून. तिथून एकही चेहरा दिसता कामा नये. मान वर केली की छाती मागे जाते, छाती मागे गेली की हात सैल पडतात आणि वर कुणाचा तरी गुडघा लटपटायला लागतो.

आमच्या मोंतब्रू गावच्या, असे माणसांचे मनोरे रचणाऱ्या मंडळात सगळ्यात वर जायची ती आलोमा. बेकरीवाल्या मिरेयाची मुलगी. आणि मंडळाचा प्रमुख होता फेलिउ. पेशाने विमा एजंट, स्वभावानेही तोच. त्याने मंडळाच्या इमारतीच्या सज्ज्यावर एक लांबलचक फलक टांगला होता: ‘आम्ही कधीही पडलो नाही.’ बाहेरगावचे पाहुणे आले की तो त्यांना आधी फलकाखाली उभं करायचा आणि मग वर्मुत नावाची कडवट-गोड वाइन पाजायचा.

कधीही पडलो नाही हे खरं होतं. सहा थरांच्या वर आम्ही कधी गेलोच नव्हतो. शेजारच्या गावची पोरं सात करायची, आठ करायची, धाडकन पडायची, कपाळाला बर्फ चोळत पुन्हा उभी राहायची. फेलिउ ते बघून च्‌ च्‌ करायचा. “बघा, बघा, कसे हपापलेत! याला शिस्त म्हणत नाहीत.” आपल्या मनोऱ्यात कुणाचं कोपर जरा हललं तरी हा खालून ओरडायचा, “उतरा! उतरा!” आणि मग भाषण ठोकायचा. वेळेवर माघार घेणं हेही शौर्यच आहे म्हणे. इतकं स्वस्त शौर्य मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मनोरा चढताना मी तिथे सनई वाजवतो, त्यामुळे ही भाषणं मला तोंडपाठ आहेत.

त्या वर्षी रेमेई नावाच्या शिक्षिकेने मधल्या थरांची तालीम हातात घेतली आणि मंडळाच्या सभेत सरळ विचारलं, “सात का नाही करायचे?” तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या. फेलिउला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर प्रमुखपद गेलं असतं, आणि पडण्याइतकीच त्याला त्याचीही भीती होती.

गावच्या जत्रेला सात थर लागले. चार माणसं, त्यांच्यावर चार, पुन्हा चार, पुन्हा चार, मग दोन मोठी पोरं, मग ओणवा झालेला छोटा जोफ्रे, आणि त्याच्या पाठीवर आलोमा. तिने हात उंचावला. चौक दणाणला. आणि ती उतरायला लागली तोच मनोरा मधून कंबर मोडल्यासारखा वाकला आणि सगळे खाली आले. पायथ्यातल्या माणसांवरच पडले, म्हणून कुणाला फारसं लागलं नाही. पायथा त्यासाठीही असतोच. आलोमाचा हलणारा दात तेवढा पडला.

मग सुरू झाला पडल्यानंतरचा तमाशा. नगराध्यक्ष येऊन म्हणाले, “मुलांनो, पडण्यातून शिकायचं असतं!” सगळ्यांनी माना डोलावल्या. काय शिकायचं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. पुढच्या तालमीला फेलिउचं उत्तर तयार होतं.

“मुळात आपण पडलोच नाही,” तो म्हणाला. “मनोरा पूर्ण झाला होता. हात वर गेला होता. नंतर जे झालं ते फक्त उतरताना झालं.”

“म्हणजे दात उतरताना पडला का?” मागून एक पोरगा म्हणाला.

“चेष्टा पुरे! मुलगी घाबरली, तिने घाई केली. लहान आहे, तिचा दोष नाही. पण येत्या रविवारी आपण सहाच लावू. फलक आहे तिथेच राहील.”

आलोमा आईला टेकून उभी होती. तिचा दोष नाही असं म्हणत सगळा दोष तिच्या गळ्यात घातला होता, आणि हे तिला नीट कळलं होतं. मुलांना कळतं ते. फक्त मोठ्यांना वाटतं की कळत नाही.

“मी घाई नाही केली,” ती म्हणाली. “मला चेहरे दिसले.”

“काय दिसलं?”

“चेहरे. मी हात वर केला ना, तेव्हा खाली डोकी होती. मग सगळ्यांनी ओरडायला सुरुवात केली आणि डोक्यांचे चेहरे झाले. सगळेच वर बघत होते. हसत होते. मग जोफ्रे हलला.”

“आलोमा, बाळा,” फेलिउ गोड आवाजात म्हणाला, “वर असताना माणसाला काहीही दिसतं.”

 पण रेमेईने पायथ्यातल्या माणसांना तिथेच घोळक्याने उभं केलं आणि विचारलं, “हात दिसल्यावर तुम्ही काय करता?”  म्हातारा खाटीक ब्लाई पुटपुटला, “बघतो की. बघायला नको? आपलंच पोर आहे.”

हीच ती खोड. इतकी वर्षं हात दिसला की सगळे माना वर करून टाळ्यांच्या तयारीत. सहा थर ते खपवून घ्यायचे. सहा थरांचा मनोरा अर्ध्या झोपेतही उतरतो. त्यामुळे आपण चुकतोय हे सांगायला कधी कोणी पडलंच नाही, आणि त्या अडाणीपणाचाच फलक करून आम्ही सज्ज्यावर टांगला होता.

मिरेया लेकीपाशी उकिडवी बसली. “तुला जायचं नसेल तर नको जाऊ. मी कुणाचं ऐकणार नाही.”

“मला सातच करायचेत,” आलोमा म्हणाली. “पण चेहरा दिसला तर मी उतरणार.”

“हे बघा, आता मुलं अटी घालणार!” फेलिउ हसला. त्याच्याबरोबर आणखी दोघे हसले. तेही विम्याचेच.

तालीम सुरू झाली. आलोमा चौथ्या थरापर्यंत चढली, खाली बघितलं आणि ओरडली, “चेहरा! निळा चष्मा!” आणि सरळ उतरली. निळ्या चष्म्याची फार्मसीवाली लाजून लाल झाली. पुन्हा चढली. “चेहरा! ब्लाईआजोबा!” उतरली. “अगं, मला शिंक आली होती,” ब्लाई कळवळून म्हणाला. “खाली बघून शिंका,” आलोमा म्हणाली. लोक घामाघूम झाले, वैतागले, एकमेकांवर खेकसले. फेलिउचा चेहरा तिला सगळ्यात जास्त वेळा दिसला. प्रत्येक वेळी त्याच्याकडे कारण होतं. प्रमुखाला बघावंच लागतं, जबाबदारी असते, कुणीतरी लक्ष ठेवायला नको का. पायथ्याबाहेर रेमेई नेमकी त्याच कामाला उभी होती, हे तो विसरायचा.

“मग तू बाहेर उभा राहा ना,” रेमेई म्हणाली.

“प्रमुख पायथ्यातच हवा. फोटोत दिसतं ते.”

त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं एवढंच वाक्य मी पूर्ण खरं मानतो.

रविवारी चौकात पुन्हा गर्दी झाली. निम्मी माणसं आम्ही कसे पडतो ते बघायला आली होती, आणि तसं त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. फेलिउने शेवटपर्यंत “सहा, सहा” लावलं होतं. पण चौघांचा चौथा थर उभा राहिला, म्हणजे आता सातच, वर जाणारी पोरं पायथ्यावर चढली, आणि मी सनई फुंकली.

थर चढत गेले. आलोमा शेवटची. पट्ट्यात अंगठा, पाठीवर गुडघा, खांद्यावर हात. जोफ्रेच्या पाठीवर ती पोचली आणि तिने हात वर केला.

चौकात जल्लोष फुटला. टोप्या उडाल्या. पायथ्यातली डोकी खालीच राहिली. ब्लाईचे खांदे थरथरत होते, पण टक्कल जागचं हललं नाही. इतकी वर्षं आपलं पोर वर बघायला धडपडणारा हा माणूस त्या क्षणी जमिनीकडे बघत रडत होता.

आणि त्या सगळ्या डोक्यांत एकच गोरा, घामाने चकाकणारा, हसरा चेहरा वर आला. फोटोवाल्याकडे अर्धा वळलेला. फेलिउ.

आलोमाला तो दिसला. तिने खाली सोडलेला पाय पुन्हा वर घेतला.

“फेलिउकाका, कृपा करून मान खाली घाला!” ती ओरडली. त्या गोंगाटात ते फक्त जोफ्रेला ऐकू गेलं. त्याने खालच्या दोघांना सांगितलं, “फेलिउकाका, मान खाली घाला.” त्या दोघांनी खालच्या चौघांना, “फेलिउकाकांना सांगा, मान खाली.” तिथून, दात आवळून, “फेलिउ, मान खाली!” त्याखाली, “ए फेलिउ, मान!” आणि अगदी खालून, ज्याच्या खांद्यांवर सगळं ओझं होतं त्या सुतार ग्राउने जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. चौकातल्या गर्दीला मात्र ते स्वच्छ ऐकू गेलं.

चौक हसला. फेलिउने आजूबाजूला बघितलं. दोनशे डोकी आणि त्याचा एकट्याचा चेहरा. मग हळूच त्याची हनुवटी छातीला लागली.

आलोमाने वरून एकदा सगळीकडे नजर फिरवली, इकडून तिकडे, सावकाश. सगळी डोकीच होती. मग तिने पाय खाली सोडला आणि उतरायला लागली.