मनातलं सांगणारा साक्षीदार

मी साक्षीदाराची खुर्ची बोलतेय. न्यू जर्सीतल्या एका जुन्या कोर्टात, न्यायाधीशांच्या उजव्या हाताला मला जमिनीत स्क्रू मारून ठोकलंय. ओक लाकडाची आहे म्हणून टिकले. नाहीतर शपथा ऐकून ऐकून केव्हाच भुगा झाला असता माझा.

माझे हात झिजलेत ते घाबरलेल्यांच्या तळव्यांनी. डिटेक्टिव्ह कोवाल्झिक मात्र माझे हात कधी धरत नसे. पाय पसरून घरच्यासारखा बसायचा. नशेच्या धंद्यातला तो जाणकार. पुडीवरचा शिक्का कसला, माल कुठे लपवतात, सगळं त्याला ठाऊक, आणि ते खरंही असे.

ओडेल पेटिवेच्या खटल्यातही तोच आला. ओडेल छपरं शाकारायचा. पडला, पाठ मोडली, दुखण्याच्या गोळ्या लागल्या आणि गोळ्यांवरून हेरॉइनवर गेला. खिशात पुड्यांचा गठ्ठा सापडला. त्याला कुणी विकताना पाहिलं नव्हतं.

सरकारी वकिलाने विचारलं, "समजा, एक माणूस कोपऱ्यावर उभा आहे, खिशात एवढ्या पुड्या आहेत. तो कशासाठी उभा असेल?"

त्या 'समजा'मध्ये फक्त ओडेलचं नाव घ्यायचं राहिलं होतं.

"विकण्यासाठी," कोवाल्झिक म्हणाला. "शंकाच नको."

ज्युरीतल्या माणसांनी माना हलवल्या. एवढा जाणता माणूस सांगतोय म्हटल्यावर आपण कशाला डोकं शिणवा! ओडेल तुरुंगात गेला. मागच्या बाकावर त्याची बहीण व्हर्नेल होती. ती रडली नाही, नुसती कोटाची बटणं लावत राहिली.

अपिलाला वर्षं लागली. वरच्या कोर्टाने सांगितलं, पोलिसाने धंद्याच्या रीती जरूर समजावाव्यात, पण आरोपीचा हेतू काय होता हे ठरवणं ज्युरीचं काम. खटला पुन्हा चालवा.

पुन्हा तोच कोवाल्झिक माझ्यावर बसला. आता केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे. पुड्या कशा बांधतात ते त्याने नीट सांगितलं आणि सवयीने पुढे गेला, "आणि या माणसाचा बेत तर उघडच..."

"हरकत आहे!" ओडेलची वकील किन्योनेस ताडकन उठली.

"मान्य. ज्युरीने हे शेवटचं विसरून जावं," न्यायाधीश लिंडक्विस्टबाई म्हणाल्या.

कोवाल्झिक वैतागला. "बाईसाहेब, मग मी इथे बसू तरी कशाला?"

"तुम्हाला माहीत आहे ते सांगायला. त्याच्या मनातलं तुम्हाला माहीत नाही."

या वेळी ओडेल स्वतः माझ्यावर बसला. माझे हात त्याने इतके घट्ट धरले की सांधे वाजले.

"एवढ्या पुड्या एकट्याला?" सरकारी वकिलाने टोमणा मारला. "दुकान टाकायचं होतं का?"

"साहेब, पाठीमुळे रोज माल घ्यायला जाववत नव्हतं. जमेल तेव्हा सगळंच आणायचो."

खरं की खोटं? मला नाही ठाऊक. ज्युरी आत गेली, आणि या वेळी आतून भांडणाचे आवाज ऐकू आले. बाहेर आली तेव्हा माणसं थकलेली होती. पुड्या जवळ बाळगल्याबद्दल दोषी, विकण्याच्या हेतूबद्दल निर्दोष. बाळगण्याच्या गुन्ह्याची शिक्षा तो केव्हाच भोगून चुकला होता.

सगळे उठले. ओडेल उभाच.

"अरे, चल ना," व्हर्नेल म्हणाली.

कैद्यांना न्यायच्या बाजूच्या दाराकडे नजर टाकून त्याने शिपायाकडे पाहिलं. "कुठल्या दाराने?"

"मोठ्या दाराने, बाबा. सगळे जातात त्या."

तरी तो बहिणीने हात धरेपर्यंत हलला नाही.

आता माझी पाठ सैल झालीय. नवी खुर्ची आणायचं बोलणं चाललंय, आणा बापडे. तिच्यावर बसणाऱ्यांनो, एवढंच करा. पाहिलंत ते सांगा, शिकलात ते सांगा, पण दुसऱ्याच्या मनात शिरू नका. इतकी माणसं माझ्या मांडीवर बसून गेली, पण मलाही त्यांतल्या एकाचं मन कळलं नाही.