अठ्ठेचाळीस फुटांचं छत

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये धर्मेशशेठच्या ताडपत्रीच्या कारखान्यात बकुळा अकरा वर्षं कटिंग करत होती. तिच्या हातचं कापड कधी कमी पडलं नव्हतं की वाया गेलं नव्हतं. म्हणूनच त्या दिवशी शेठने सगळ्यांसमोर तिची पिशवी उघडली, तेव्हा तिच्या कानांतून वाफा निघाल्या.

पिशवीत डबा निघाला आणि बेलवलीच्या बाजारातली मेथी.

काम वांगणीच्या एका फार्महाउसचं होतं. अंगणातल्या चौकोनी मांडवावर पिरॅमिडसारखं टोकदार छत घालायचं होतं. ते न्यायला आलेला इंजिनीअर अभिजीत घडी केलेल्या छताकडे न बघताच, बिलावरचा आकडा वाचून म्हणाला, "बाजू आठ फूट, उंची तीन. एक त्रिकोण बाराचा, चारांचे अठ्ठेचाळीस चौरस फूट. तुमच्याकडे ऐंशी कसे लागले? बाकीचं कापड गेलं कुठे?"

आणि शेठचा हात थेट पिशवीकडे गेला!

"थांबा," बकुळा म्हणाली. तिने आठ इंचांचा चौकोन खडूने टेबलावर आखला. वर्तमानपत्रातून अभिजीतच्या मापाचे चार त्रिकोण कापले, तळाला आठ इंच, उंचीला तीन. चारही बाजूंनी टोकं आत करून ठेवले. मधे भलंमोठं भोक राहिलं.

"बघा साहेब. तुमचं छत जमिनीवर झोपवलं तरी टोकाला टोक लागत नाही. वर उचलणार कसं? खालची जागाच चौसष्ट फूट आहे, छप्पर अठ्ठेचाळीसचं होईल?"

अभिजीत टेबलावर वाकला.

"तुमचे तीन फूट मधल्या खांबाचे. कापड खांबावरून उतरत नाही, उतारावरून उतरतं. मधून काठापर्यंत चार, वर तीन, म्हणून तो उतार पाच फूट भरतो. आठ पाचे चाळीस, त्याचे निम्मे वीस, चार बाजूंचे ऐंशी."

"हां, तिरकस उंची," तो पुटपुटला. "छोटीशी मिस्टेक झाली."

"तुमची ती मिस्टेक आणि माझी चोरी?"

"जाने दो ना, बकुळाबाई," शेठ मधे पडला. "साहेबांसमोर आवाज कशाला चढवता?"

"पिशवी सगळ्यांसमोर उघडलीत. आता माफीपण सगळ्यांसमोर मागा."

शेजारच्या चिमीने शिलाई मशीन बंद केलं. मग पलीकडचंही थांबलं. एकेक करत सगळा कारखाना गप्प झाला. धर्मेशशेठने घाम पुसला, हात जोडले. "गलती हो गई. माझं चुकलं, बाई."

अभिजीतने मात्र छताची घडी काखेत मारली आणि मोबाइल कानाला लावून, कुणाकडे न बघता, पायऱ्या उतरला.

"ह्या माणसाचं काम मी परत कापणार नाही," बकुळा शेठला म्हणाली. त्याने मान डोलावली.

ती पुढच्या ताग्याकडे वळली, पण रागाच्या भरात खडूची रेघ दोनदा वाकडी गेली. शेवटी चिमीने उठून तिच्या हातातला खडू घेतला.