बंद नट आणि लांब स्टड

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. एका गाडीपाशी तुम्ही उकिडवे बसला आहात. तिचं पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलंय, आणि चाकाच्या जागी एक लोखंडी थाळी दिसतेय. थाळीतून पाच जाड बोटं थेट तुमच्याकडे रोखलेली आहेत. बोटांवर स्क्रूसारखे आटे आहेत. या बोटांना म्हणतात स्टड. चाक त्यांच्यात अडकवायचं आणि प्रत्येक बोटावर एकेक नट पिळायचा. केवढीही गाडी असो, तिचं चाक जागेवर राहतं ते या बोटांच्या भरवशावर. बसलात नीट? मग थोडं सरकून घ्या, कारण तुमच्या शेजारी एक मुलगी आधीच बसली आहे.

तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. घरी सगळे तिला चौकशी म्हणत. कारण उघड आहे.

गाडी होती तिच्या आत्याची. आत्या दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात कोरायची आणि वर्षातून एकदा डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाड्यांच्या शर्यतीत उतरायची. शर्यत उद्यावर आली होती. आत्याने त्यासाठी नवी, रुंद, जाडजूड चाकं आणली होती आणि मोठ्या हौसेने एक बसवतही होती. तेवढ्यात चौकशी म्हणाली, "आत्या, जुन्या चाकाला नट कितीतरी वेळ फिरत होता. हा चार वेढ्यांतच थांबला. असं का?"

आत्याने पाना खाली ठेवला. नवं चाक मधोमध जाड होतं, त्यामुळे स्टडचं जेमतेम टोक बाहेर उरत होतं. चार वेढ्यांवर लटकून डोंगर कोण चढणार?

"म्हणजे लांब स्टड हवेत," आत्या म्हणाली. "खोट तू काढलीस, तर लांबीही तूच ठरव. तू सांगशील ते लावीन आणि उद्या त्यांच्यावरच वर जाईन."

"मी? आणि माझं चुकलं तर?"

"तर तुझ्या बाबाला दुसरी बहीण शोधावी लागेल," आत्या हसत म्हणाली. चौकशीला मात्र हसू आलं नाही.

कोपऱ्यावर गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानदाराला सगळी मुलं नटकाका म्हणायची. त्यांनी काचेवर तीन स्टड मांडले, आखूड, मधला आणि लांब. तिन्हींच्या मुळाशी सारखेच दाते होते. ते दाते थाळीच्या भोकात घट्ट रुततात, म्हणून ते जुन्या स्टडसारखेच असावे लागतात.

"काका, किती लांब हवा हे कसं कळतं?"

"स्टड जेवढा जाड, निदान तेवढ्या लांबीचे आटे नटाने धरायला हवेत. तुमच्या गाडीला म्हणजे आठ वेढे. त्याहून कमी असेल तर आटे सोलून निघतात."

चौकशीने थाळीची आणि चाकाची जाडी मापून आणली होती. तिने बोटांवर बेरीज केली. आखूड बाद झाला. मधला पुरत होता, लांब तर चांगलाच पुरत होता.

"लांबच ने गं," काका म्हणाले. "आखडता हात कशाला? फार तर शेपूट बाहेर राहील, वाऱ्यावर डुलेल!"

चौकशीला ते पटलं. आत्याचा जीव अडकणार तिथे थोडं जास्तच बरं, असं तिला वाटलं.

दुपारभर आत्याने जुने स्टड हातोड्याने ठोकून काढले आणि नवे बसवले. मग चाक चढवलं. तिच्याकडे एक खास पाना होता. ठरलेला जोर लागला की तो टक् असा वाजायचा. पाचही नटांवर टक् झालं.

"शाबास! झालं काम," आत्या हात पुसत म्हणाली.

चौकशी मात्र चाकाकडे टक लावून बघत राहिली. नट चकचकीत होते आणि पुढून बंद, डोक्यावर टोपी घातल्यासारखे.

"आत्या, शेपूट कुठे गेलं?"

"कसलं शेपूट?"

"काका म्हणाले होते, लांब स्टडचं शेपूट बाहेर राहील. नट तर पुढून बंद आहे. मग ते गेलं कुठे?"

आत्याने वाकून नटाच्या टोपीवर बोट फिरवलं. शाळा सुटल्यावर चौकशी रोज आत्याच्या दवाखान्यात बसायची, त्यामुळे तिला एक गोष्ट ठाऊक होती. दातात सिमेंट भरलं की आत्या पेशंटच्या दातांमध्ये निळ्या कागदाची पट्टी धरते आणि म्हणते, "चावा बघू." जिथे निळा डाग उमटतो तिथे दात आधी टेकतो. सिमेंट केसभर जरी उंच राहिलं, तरी तो एकच दात टेकतो आणि बाकीचे अधांतरी राहतात.

"तुझा निळा कागद देतेस?" तिने विचारलं.

आत्याने बॅगेतून पट्टी काढली. एक नट सोडवून चौकशीने त्याच्या टोपीच्या आत, तळाशी कागदाचा तुकडा बसवला. आत्याने नट पुन्हा टक् होईपर्यंत पिळला आणि काढला. स्टडच्या टोकावर गोल निळा डाग होता.

"उंच लागतोय," चौकशी पुटपुटली.

आत्याने चाक वरून धरून हलवलं. आतून बारीकसा आवाज आला, खुट्. पाना टक् म्हणाला होता तो नट चाकावर आवळला म्हणून नव्हे. स्टडचं टोक टोपीच्या तळाला जाऊन भिडलं होतं. नट घट्ट होता आणि चाक सैल.

"पहिल्याच वळणावर..." आत्या म्हणाली आणि चाक उतरवून नवे स्टड पुन्हा ठोकून काढू लागली.

चौकशीचे डोळे भरून आले. "मीच लांब म्हटलं होतं."

"रडायचं असेल तर चालता चालता रड, राणी. दुकान बंद होईल."

नटकाकांनी काढून आणलेल्या स्टडवरचा निळा डाग पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! नट कसला ते मी विचारलंच नाही. आरपार नट असेल तर लांब स्टड उत्तम, टोक बाहेर येतं. बंद नटात ते जाणार कुठे?"

चौकशीने आपला बंद नट नव्या स्टडवर हातानेच फिरवला. चौदा वेढ्यांनंतर तो तळाला अडला.

"म्हणजे आठच्या खाली नको आणि चौदापर्यंत पोचायला नको," ती हळूहळू म्हणाली. "काका, लांबीला दोन कुंपणं असतात! मी एकच बघितलं."

मधल्या स्टडचा हिशेब बरोबर अकरावर येत होता. काकांनी पैशांचं नाव न काढता स्टड बदलून दिले. पण चौकशीचं झालं नव्हतं.

"काका, हे लांब स्टड आणखी कुणी नेलेत का?"

काका विचारात पडले. "परवा त्या पिवळ्या गाडीवाल्याने नेले. पाण्याच्या टाकीमागे राहतो. तोही उद्या शर्यतीला आहे." त्यांनी फोन लावला, पण कुणी उचलला नाही.

"तो? दर वर्षी मला हरवतो तो!" आत्या म्हणाली. मग चौकशीचा चेहरा पाहून ती ओशाळली. "आधी आपलं चाक. मग तू जा."

मधले स्टड बसले. या वेळी स्टडच्या टोकावर निळा डाग उमटला नाही. अकरा वेढे मोजून झाले, पाना टक् वाजला. आत्याने दोन्ही हातांनी चाक हिसकलं, तर ते जराही हललं नाही.

"यावर जाईन मी," आत्या म्हणाली आणि उरलेल्या चाकांकडे वळली.

चौकशी पाण्याच्या टाकीमागे पोचली तेव्हा दिवस मावळत आला होता. पिवळ्या गाडीवर कापडी आच्छादन होतं, थेट जमिनीपर्यंत. दुसऱ्याच्या गाडीचं कापड न विचारता कसं उचलायचं? आणि काय सांगायचं, तुमचं चाक सैल आहे म्हणून? तसं असेलच असंही नाही.

तिने हाताचं ग्रीस फ्रॉकला पुसलं आणि बेल वाजवली. दार उघडलं. उंच माणूस खाली वाकून बघू लागला.

"काका," चौकशी म्हणाली, "तुमच्या चाकांचे नट बंद आहेत की आरपार?"