सिंके आडवी धरली तेव्हा

गुरुवारचा रोजा दुरसितूने कधी चुकवला नव्हता. आज मात्र निय्यत करताना तिने मनाशी आणखी एक बोलून ठेवलं: दोन्ही मुलांनी समेट करून एका वाडग्यातले दाणे खाल्ले, तर संध्याकाळी त्याच वाडग्यातल्या दाण्याने रोजा सोडायचा. कॉफीचे अख्खे दाणे लोण्यात तळून तिने वाडगा झाकून चुलीपाशी ठेवला. वास घरभर पसरला होता. नवरा गेल्यापासून या घरात दाणे तळले गेले नव्हते.

थोरला बेरिसो आला आणि गुरं हाकायची काठी मांडीवर घेऊन बसला. धाकटा अमान त्याच्या समोर बसला, दाराच्या बाजूला. मधे वाकोकाका, मुलांचा चुलता.

"घरची रीत ठाऊक आहे ना?" वाकोकाका म्हणाला. "आधी भावाचं गाऱ्हाणं सांगायचं. तो 'हेच माझं' म्हणेपर्यंत आपलं उगाळायचं नाही. अमान, तू सुरू कर."

अमानने घसा साफ केला. "दादा म्हणतो, बाबा आजारी पडल्यापासून घर त्याने एकट्याने ओढलं. मी शहरात लोकांचे ट्रक धूत बसलो. आणि आलो तो घोडे घेऊन, नवरदेवासारखा. त्याच्या सातूला जमीन पुरत नाही, आणि माझे घोडे बसून खातात."

"घोडे उभ्यानेच खातात रे," काका म्हणाला.

बेरिसोला हसू फुटलं. "हेच माझं. नवरदेव मी म्हटलं नव्हतं. पण मनात होतं."

अमानही हसला. दुरसितूने पदराआड अल्लाचं नाव घेतलं. किती दिवसांनी हे दोघे एकाच गोष्टीला हसले होते!

आता बेरिसोची पाळी. "अमान म्हणतो, ओढ्याकडचं कुरण मी न विचारता नांगरलं. घोड्यांनी काय दगड चाटायचे?"

"ते आहेच," अमान म्हणाला. "पण खरं गाऱ्हाणं ते नाही. पुढचं सांग, दादा. तुला ठाऊक आहे."

बेरिसोने मांडीवरची काठी घट्ट धरली. मग हळू बोलला, "अमान म्हणतो, बाबा अंथरुणाला खिळले तरी मी त्याला निरोप धाडला नाही. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. बापाला माती द्यायचं त्याच्या नशिबी आलं नाही, ते माझ्यामुळे."

"हेच माझं," अमान म्हणाला. "का नाही धाडलास, एवढं सांग. बाकी कुरण घे, घोडे घे, मला काही नको."

बेरिसो ताडकन उठला. मांडीवरची काठी हातातच होती. "ऐकायचंय तुला? खरंच ऐकायचंय? मग ऐक..." अमानही उठला.

दुरसितूला दिसली ती उगारल्यासारखी काठी, आणि समोरासमोर उभी पोटची दोन पोरं. तिने भिंतीला टेकवलेली सिंके उचलली, लग्नात तिच्या आईने हाती दिलेली ती सरळ काठी, आणि दोघांच्या मधे धरली.

सगळं थांबलं. बेरिसोच्या हातातली काठी गळून पडली. त्याचे डोळे भरलेले होते. ते तिला आत्ता दिसलं.

आईची सिंके मधे आली की शब्द तिथेच मरतो. त्या जागी उभा असलेला विषय पुन्हा काढायचा नाही. काढला तर आईला ओलांडल्यासारखं. दोघांनी माना झुकवल्या आणि खाली बसले.

वाकोकाकाने तिच्याकडे एकवार पाहिलं. "वहिनी, घाई केलीत," एवढंच तो पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "बरं. कुरणाचं बोलू."

कुरणाचं पटकन मिटलं. वरचा तुकडा सातूला, ओढ्याकाठचा घोड्यांना. कुंपण दोघांनी मिळून घालायचं. मळणीला अमानचे घोडे बेरिसोच्या खळ्यात फिरायचे. कुणी आवाज चढवला नाही. "तुम्ही म्हणाल तसं, दादा," अमान म्हणत होता. थोरल्या भावाला त्याने आजवर कधी अहो म्हटलं नव्हतं.

वाडगा फिरला. बेरिसोने दाणे तोंडात टाकले. अमानने उचलले, मूठ मिटली, आणि सलाम करून निघून गेला. ते दाणे तिला मग उंबऱ्याबाहेर सापडले.

मगरिबची बांग झाली. तिने पाण्याच्या घोटावर रोजा सोडला.

"बेरिसो," नमाज झाल्यावर तिने विचारलं, "काय सांगणार होतास?"

"आई, तू सिंके धरलीस ना."

"मीच विचारतेय बाळा. मीच सोडवते तुला."

"त्याला सांगायचं होतं. त्याने आपल्या तोंडाने विचारलं होतं." बेरिसोने पायात चपला सरकवल्या. "आता तो विचारणार नाही. तुझी सिंके तो ओलांडायचा नाही, आणि मीही नाही. तसंच शिकवलंयस तू आम्हाला."

कुंपण दोघांनी मिळून घातलं. पुढच्या पावसाआधी अमानने घोडे विकले आणि तो शहरात परत गेला. ईदला आईला तेवढा फोन येतो.

यंदा वरच्या तुकड्यात सातू चांगला आलाय. ओढ्याकाठी गवत कमरेएवढं वाढलंय आणि उभ्या उभ्या वाळतंय. बेरिसो त्यात नांगर घालत नाही, गुरंही सोडत नाही. ठरलं होतं ना तसं. दुरसितू दर गुरुवारी रोजा धरते, आणि संध्याकाळी कुंपणापाशी येऊन त्या गवताकडे बघत बांगेची वाट पाहते.