भुरीला हवं खरं झाड

पोंभुर्ण्याच्या अख्ख्या नववीत टॅरंटुला पाळणारी एकच पोरगी होती, संघप्रिया, आणि हे ती कुणालाही विसरू देत नव्हती! तळहाताएवढी केसाळ भुरी मुळात ब्रह्मपुरीच्या मिथुनमामाची. पण नव्या मामीनं "एकतर मी, नाहीतर हा कोळी," असं बजावलं आणि काचेची पेटी भाचीकडे आली. आईनं, अंजनाबाईनं, अट घातली, "रविवारी मामा येणार हाये. तोवर ते जेवली नाई, त जाईन त्याच्यासोबत वापस."

पेटीत प्लास्टिकचं झाड होतं. भुरीला खरं झाड मिळालं तर ती रुळेल, हे संघप्रियाच्या मनानं घेतलं. निवडुंग नको, भुरीचं नाजूक पोट फाटेल. नर्सरीतला झेंडू नको, धानाच्या बांधीवरचं गवतही नको, दोन्हीवर कीटकनाशकाची फवारणी झालेली. शेवटी शेजारच्या सुगंधाबाईंच्या खिडकीत, बाटलीतल्या साध्या पाण्यावर वाढलेला मनीप्लांट तिला पसंत पडला. आईनं परसातली माती आणून दिली.

झाड पेटीत लागलं, आणि भुरी काचेवर जी चढली, ती खाली उतरेचना! खायला सोडलेल्या नाकतोड्याकडे ढुंकूनही पाहीना. शनिवार उजाडला.

"मातीत काही मिसळलं काय?" मामानं फोनवर विचारलं.

"काहीच नाई!"

"काऊन नाई?" भाकरी थापता थापता आई म्हणाली. "निंबोळीची पेंड टाकली ना म्या. वांग्याले टाकतो तशी. रोपाले किडा लागू नाई म्हणून."

"आई! त्या पेटीत किडाच त राह्यते!"

आईचा हात थांबला. "मले वाटलं, झाड जगलं त तुह्या भुरीले बरं वाटन."

ओरडायला उघडलेलं तोंड संघप्रियानं मिटलं. म्हणजे आईलाही भुरी राहायला हवी होती!

दोघींनी आंब्याखालची, कधीच काही न टाकलेली माती खणली. मनीप्लांटची मुळं धुतली. तोवर भुरी डब्यात, आणि डबा आईच्या हातात. हात लांब, डोळे गच्च मिटलेले. "हाललीस त पाहाय!" ती डब्याला दम देत होती.

पेटी पुन्हा भरली. संध्याकाळी भुरीनं एक पाय मातीला लावला, उचलला, पुन्हा लावला. मग सगळीच्या सगळी पानाखाली शिरली. संघप्रिया नेमकी अंगणात होती.

"प्रिया, धाव! नाकतोडा धरला वो तिनं!" आई काचेला नाक लावून ओरडली. मग हळूच म्हणाली, "त्या कोपऱ्यात उघडंच हाये. तिथी अजून एक लहानसं झाड लावू काय?"